चढ नसलेली वाट

या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून एक तक्रार वारंवार भेटते, आणि ती बहुधा साठी ओलांडलेल्या, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी नित्य घेणाऱ्या, गुडघे कुरकुरू लागलेल्या वाचकांची असते: चालायला सांगता खरे, पण त्याच त्या गल्लीतल्या चकरांनी मन विटले आहे, रानात जावेसे वाटते, परंतु गड चढण्याचे वय आता राहिले नाही. या सर्वांना आज एकत्रच उत्तर देतो. गड चढणे निराळे आणि रानात चालणे निराळे. पहिल्याची ताकद वयाबरोबर ओसरते हे कबूल, पण म्हणून दुसऱ्याचा हक्क कोणी सोडून देण्याचे कारण नाही.

आपल्याकडे डोंगरात जाणे म्हणजे माथा गाठणे, अशी समजूत इतकी दृढ आहे की जो माथ्यापर्यंत पोचणार नाही तो पायथ्यालाही जात नाही. शरीराचा हिशेब मात्र माथ्यावर चालत नाही, तो मिनिटांवर चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली केलेली शिफारस अशी की, प्रौढ माणसाने आठवड्याकाठी 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना सोबत्याशी बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. हृदयाची गती मंद ठेवणारी काही औषधे जे घेतात, त्यांची नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही. सबब त्यांनी मनगटावरच्या यंत्रातील आकड्यापेक्षा याच कसोटीवर विश्वास ठेवावा.

या साध्या चालण्याने नेमके काय साधते, ते आपल्याच पोटरीवर हात ठेवून पाहावे. पाऊल उचलताना पोटरीचा स्नायू आवळतो, त्यासरशी आतल्या नीला दाबल्या जातात, आणि त्यांतील झडपा रक्ताला खाली येऊ देत नसल्यामुळे ते हृदयाकडे वर चढते. म्हणूनच दिवसभर बसून वा उभे राहून जड झालेले पाय थोड्या चालीने हलके होतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखरही ओढून घेतो. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी करून डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष वैद्यकशास्त्रात सुविख्यात आहे: बैठ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले.

मग रानच कशासाठी, सडक का नको? कारण सडकेवर प्रत्येक पाऊल मागच्या पावलासारखेच पडते. रानवाटेवर मात्र कुठे मूळ वर आलेले, कुठे खडा, कुठे मऊ पाचोळा, आणि या प्रत्येकाची दखल घोट्याला, नजरेला व तोल सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेला घ्यावी लागते. म्हातारपणी पडून मांडीचे हाड मोडणे ही केवढी आपत्ती असते, ते ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना सांगावे लागत नाही. तोलाचा सराव हा तिच्यावरील उत्तम उपायांपैकी एक होय. शिवाय सावली आहे, शांतता आहे, आणि घड्याळाकडे न पाहता होणारी चाल आहे. जपानच्या वनखात्याने 1982 साली अशा संथ वनविहाराला ‘वनस्नान’ या अर्थाचे नाव देऊन त्याचा पुरस्कार केला.

अशा वाटांसाठी फार दूर जावे लागत नाही. माथेरान घ्या. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 साली प्रकाशात आणलेले हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर असले, तरी ती उंची वाहनाने अगोदरच चढून झालेली असते. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि तेथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी जाता येतात. 1907 साली सुरू झालेल्या छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेने ही वाट जाते, आणि आगगाडीला तीव्र चढ मानवत नाही, त्यामुळे त्या वाटेचा चढही गुडघ्यांना सोसण्याजोगाच असतो. वर जांभळीची दाट सावली, खाली तांबडी माती. दम्याच्या रुग्णांनी मात्र पावसाळ्यानंतरचे पहिले महिने पसंत करावेत, कारण उन्हाळ्यात हीच माती घोड्यांच्या टापांनी उडून श्वासात जाते. फवाऱ्याचे औषध तर खिशात असलेच पाहिजे.

नदीकाठची वाट हवी असेल, तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील शिलोंढ्याची वाट पाहावी. तुळशी तलावाच्या बाजूने येणारी दहिसर नदी शहरात शिरल्यावर कशी होते ते मुंबईकर जाणतात. या वनात मात्र ती खडकांवरून वाहताना दिसते. तेथे उद्यानाची परवानगी घेऊन, माहितगाराच्या सोबतीने आणि सकाळीच जावे. ते बिबट्यांचे घर आहे, याचा विसर पडू देऊ नये.

आता तयारीविषयी. माझ्या तपासणीच्या खोलीत येणाऱ्या वृद्धांपैकी कित्येकांचा उजवा गुडघा दुखत असतो आणि काठीही उजव्याच हातात असते. मी ती काढून डाव्या हातात देतो आणि दारापर्यंत चालून यायला सांगतो. उजवे पाऊल व डाव्या हातातील काठी एकाच वेळी टेकली की शरीराचा भार दोहोंत वाटला जातो, आणि परत येताना चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसतो. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, हा नियम रानात जाण्यापूर्वी घरीच अंगवळणी पाडावा. गुडघ्याच्या वाटीवर भार चढापेक्षा उतारावर अधिक येतो, यास्तव उतरताना पावले आखूड टाकावीत आणि शेवाळलेल्या दगडाला वळसा घालावा.

मधुमेहींपैकी जे इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी उपाशीपोटी निघू नये व तीन चमचे साखर पुडीत बांधून जवळ ठेवावी. घाम, कंप, एकाएकी लागलेली भूक ही लक्षणे जाणवताच ती खाऊन बसावे, आणि पाव तासाने बरे न वाटल्यास तितकीच पुन्हा घ्यावी. घरी परतल्यावर दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात, कारण संवेदना मंदावलेल्या पायात रुतलेला काटा दुखत नाही. तो पाहूनच सापडतो.

पायावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. लेप्टोचे जंतू तेथूनच शिरतात. सिंधुदुर्गाच्या काही भागांत गोचिडीमार्फत माकडताप होतो, म्हणून तेथील रानात जाताना आरोग्य खात्याच्या सूचना पाळाव्यात, अंगभर कपडे घालावेत आणि परतल्यावर अंग तपासावे. रानातून आल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर कोठे गेलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. या एका वाक्याने निदानाचे दोन दिवस वाचतात. सर्पदंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोचावे.

छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, बोलता न येण्याइतकी धाप अथवा डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर चालणे तत्क्षणी थांबवावे. आणखी थोडे पुढे जाऊन बसू, हा विचार अशा वेळी घातक ठरतो. हृदयविकार होऊन गेलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच वाट निवडावी; एकट्याने तर कोणीच जाऊ नये.

शेवटची ताकीद परतण्याविषयी आहे. रानात रिक्षा मिळत नाही; जितके आत गेलो तितके बाहेर यायचेच असते. म्हणून आपली शक्ती तीन भागांत विभागावी: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, आणि एक राखून ठेवण्यासाठी. पहिल्या दिवशी वीस मिनिटांवरून माघारी फिरलात तरी चाळीस मिनिटे झाली, आणि आठवड्याच्या हिशेबात ती पुरती जमा आहेत. पुढच्या रविवारी जिथून फिरलात ती जागा मागे टाकून आणखी पाच मिनिटे पुढे जा. काठी मात्र योग्य हातात असू द्या.