मोजणीच्या आदल्या रात्री

प्रश्न : पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता थांबलं आणि एक सैनिक १० वाजून ५९ मिनिटांनी मारला गेला, असं वाचलं. सह्या तर पहाटेच झाल्या होत्या म्हणे. मग तो मेला कसा? आपल्या मराठी जवानांवर कधी अशी वेळ आली होती का?
— एक वाचक, मोताळा (जि. बुलढाणा)

उत्तर : तो अमेरिकेचा हेन्री गुंथर. मित्राला लिहिलेल्या पत्रात सैन्यातल्या हालांबद्दल कुरकुर केली, म्हणून त्याला सार्जंटचा साधा शिपाई करून टाकलं होतं. शेवटच्या मिनिटाला तो एकटाच जर्मन मशीनगनवर धावून गेला. समोरचे जर्मन ‘मागे फिर, मागे फिर’ म्हणून हात हलवत होते. सह्या पहाटे पाचनंतर झाल्या होत्या, पण अंमल अकरापासून धरायचा होता. मधल्या वेळात शेकडो मैलांच्या आघाडीवर निरोप पोचवायचे होते आणि तोवर लढाई थांबवायचा हुकूम कुणालाच नव्हता. फ्रेंचांचा शेवटचा मृत समजला जाणारा ऑगस्तँ त्रेब्युशों तर निरोप्याच होता. जेवण कुठे नि किती वाजता मिळेल, एवढाच निरोप घेऊन तो निघाला होता. त्याच्या कबरीवरच्या क्रुसावर तारीख मात्र १० नोव्हेंबरची घातली गेली. युद्ध थांबण्याच्या दिवशी माणूस गेला, हे सरकारला लिहवलं नाही.

आता आपल्या माणसांकडे येऊ. तुर्कांशी चाललेलं युद्ध जर्मनीच्या आधीच थांबलं. ३० ऑक्टोबर १९१८ च्या रात्री मुद्रोसच्या बंदरात ‘अगमेम्नॉन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून शस्त्रसंधी लागू झाली. त्याच आठवड्यात इराकात, मोसुलच्या दक्षिणेला टायग्रिसकाठी, शरकतची लढाई चालली होती. तिथे इंग्रजांच्या फौजेत ११४ वी मराठा पलटण होती. या एका लढाईत पलटणीला अठ्ठावीस शौर्यपदकं मिळाली. पदकं इतकी, म्हणजे रणही तसंच झालं असणार. तुर्की सेनापती इस्माईल हक्की याने ३० तारखेच्या सकाळी शरणागती पत्करली. म्हणजे आदल्या दिवशी जे पडले, त्यांच्यात आणि शांततेत जेमतेम दोन दिवसांचं अंतर होतं.

ही निव्वळ नशिबाची खोट होती का? तसं म्हणवत नाही. तुर्कस्तान आता टिकत नाही, हे लंडनला ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच दिसत होतं. म्हणूनच इराकातल्या इंग्रज फौजेच्या जनरल मार्शलला हुकूम गेला, की शस्त्रसंधी व्हायच्या आत टायग्रिसच्या वरच्या अंगाला जेवढा मुलूख मिळेल तेवढा घ्या. मोसुलच्या बाजूला तेल आहे, हेही ठाऊक होतं. आपल्याकडे सरकारी मोजणी लागल्याचं कळलं की एखादा शेजारी आदल्या रात्रीच बांध कोरून घेतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे कोरणारे हात सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या पोरांचे होते आणि शेत त्यांचं नव्हतं. युद्ध संपत आलं होतं म्हणूनच त्यांना पुढे काढलं. मोसुल शहर तर इंग्रजांनी शस्त्रसंधीनंतर ताब्यात घेतलं!

(तुमचा बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात. मराठा पलटणींच्या भरतीचा जोर कोकणात आणि घाटावर. घाट म्हणजे सह्याद्रीचा, तुमचा राजूर घाट नव्हे.)

१९७१ च्या भारत-पाक युद्धातला प्रसंग वेगळा. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मलेले, रेजिमेंटही ‘पूना हॉर्स’, वय एकवीस. १६ डिसेंबरला बसंतरच्या रणगाडा-लढाईत जळत्या रणगाड्यातून बाहेर पडायचा हुकूम आला, तरी ते लढत राहिले आणि तिथेच गेले. त्याच दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. पण पश्चिमेची आघाडी चालूच होती. तिथली शस्त्रसंधी १७ तारखेच्या रात्री आठला झाली. समोर शत्रूचे रणगाडे चालून येत असताना ढाक्याच्या बातमीचा काय उपयोग? खेत्रपालांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

शरकतच्या जवानांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, आणि त्यालाही कारण आहे. इराकातल्या बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा घातला. ‘इतके मेले’, एवढंच. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव असल्याचं अहवालात कबूल केलं. पण आयोगाच्या नोंदवह्यांत नावं आहेत आणि त्या इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. ‘११४ वी मराठा’ ही पलटण आणि ऑक्टोबर १९१८ ची अखेर, एवढं इंग्रजीत घालून शोधा. कित्येकांच्या पुढे बापाचं नाव, गाव आणि तालुकाही लिहिलेला सापडेल.