छप्पर कोणी शाकारले?

आणे येथे रंगदास स्वामींच्या दारी कीर्तन आटोपून आम्ही बसलो होतो. एक माउली पुढे आली. तिचे घर जळाले होते. धान्य, भांडी, पोरांची पुस्तके, सारे गेले. म्हणाली, "बुवा, वारी कधी चुकवली नाही. मग आमचंच घर का?" शास्त्र आम्ही पुष्कळ घोकले, पण 'प्रारब्ध' हा शब्द काही ओठांवर येईना.

तेव्हा नामदेवराय आठवले. त्यांच्या खोपटाला आग लागली, तेव्हा बाहेर उरलेले सामानही त्यांनी देवाला म्हणून आगीत लोटले, आणि देवाने येऊन छप्पर शाकारले, अशी कथा सांगतात. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. त्यांतील सोरठ रागातल्या एका पदात शेजारीण विचारते, खोपट कोणी बांधले? दुप्पट मजुरी देते, तो सुतार दाखव. नामदेवरायांच्या उत्तराचा भाव असा, की त्या सुताराची मजुरी प्रीती.

आता सिद्धांत ध्यानी घ्यावा. सामान लोटणे हे नामदेवरायांचे स्वतःचे वैराग्य. ते जळल्या घरच्यांना शिकवू नये. आपल्या वाट्याला सुतारकी आली आहे. एकाने पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे बरोबर जावे, एकाने वासे-पत्रे पाहावे, एकाने पोरांची पुस्तके. आण्याच्या यात्रेत आमटी-भाकरीची पंगत बसते. ती त्या दारापर्यंतही पोचावी.

'का' याचे उत्तर आम्हांला देता आले नाही. छप्पर कोणी शाकारावे, एवढे मात्र कळते.

रामकृष्णहरी!