आमराईच्या छाटणीसाठी जुना चेनसॉ : खरेदीपूर्वीची पारख आणि वापर

दुर्ग जिल्ह्यात धानाच्या बांधावर बाभूळ राखण्याची पद्धत जुनी आहे. गावालगतच्या आमरायांतही उंच वाढलेली, दाटलेली आणि आतून पोखरलेली झाडे पाहावयास मिळतात. अशा झाडांची छाटणी कुऱ्हाडीने करणारे कुशल मजूर वेळेवर मिळत नाहीत. नवा, नामांकित बनावटीचा चेनसॉ प्रत्येकाच्या आवाक्यातला नसतो. त्यामुळे वापरलेल्या यंत्राकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. भिलाईच्या औद्योगिक परिसरामुळे इंजिन उघडून बसवणारे कारागीर येथे दुर्मीळ नाहीत, ही जमेची बाजू. परंतु विक्रेता यंत्र सुरू करून दाखवतो, घेणारा आवाजावर भाळतो आणि तेवढ्यावर सौदा होतो. यात पैसा जातो, प्रसंगी हात-पाय जातो आणि बागेचेही नुकसान होते. कारण बोथट साखळीने फाडलेली साल म्हणजे खोडकिड्याला दिलेले आमंत्रण होय.

चेनसॉ आणि खोडकिडा यांचे नाते गमतीचे आहे. 1946 साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ बफर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालत आणि लाकडाच्या आडव्या-उभ्या दोन्ही तंतूंतून ती सहज वाट काढी. त्या जबड्याच्या घडणीवरून कॉक्स याने वक्र दाताची साखळी तयार केली आणि 1947 मध्ये ती बाजारात आली. आजच्या साखळ्यांचे दात मूलतः त्याच घडणीचे आहेत. ती अळी लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातील होती. आंब्याचा खोडकिडा, म्हणजेच भिरूड (बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा), हाही त्याच कुळातला.

यंत्राची पारख

यंत्र गार असतानाच पाहावे. ग्राहक येण्यापूर्वीच ते तापवून ठेवलेले असेल, तर शंका घ्यावी. स्विच बंद ठेवून दोरी सावकाश ओढल्यास ठरावीक अंतराने स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. बारवर आवरण चढवून यंत्र दोरीच्या मुठीवर अधांतरी धरले असता ते थांबत-थांबत खाली आले पाहिजे. सरळ सरकत आले, तर सिलिंडरमधील दाब उतरला आहे. दाबमापक उपलब्ध असल्यास साधारणपणे 150 पीएसआयच्या आसपासचा आकडा समाधानकारक, 120 च्या खालचा चिंताजनक समजावा.

यापेक्षा खात्रीची तपासणी म्हणजे सायलेन्सर काढून धूर बाहेर पडण्याच्या छिद्रातून पिस्टनकडे पाहणे. दोन-चार स्क्रू आणि दहा मिनिटे, एवढाच खर्च. पिस्टन गुळगुळीत असावा. त्यावर उभे खोल ओरखडे असतील, तर यंत्र कधीतरी ऑइलविना किंवा अपुऱ्या ऑइलवर चालले आहे. अशा यंत्राला पिस्टन-सिलिंडरचा नवा जोड लागतो आणि स्वस्ताई तेथेच संपते. विक्रेता सायलेन्सर काढू देत नसेल, तर व्यवहार न केलेलाच बरा.

यंत्र सुरू झाल्यावर मंद गतीत साखळी फिरता कामा नये. कार्ब्युरेटर जुळवूनही मंद गती आपोआप वाढत असेल, तर क्रँकच्या सीलमधून हवा ओढली जात असण्याचा संभव असतो. बारचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून गती वाढवली असता पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे; न उमटल्यास ऑइलपंप किंवा त्याची वाट तपासावी. मूठ-हँडलमधील रबरी आधार तुटलेले नसावेत. सर्वांत महत्त्वाचा साखळीचा ब्रेक. पुढील हातरक्षकाशी जोडलेला हा ब्रेक 1970 च्या दशकात यंत्रांवर येऊ लागला. यंत्र जमिनीवर दाबून धरून, गती वाढवून रक्षक पुढे ढकलताच साखळी क्षणात थांबली पाहिजे. ब्रेक नसलेले किंवा काढून टाकलेले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून चालकाच्या तोंडाकडे येते. त्या क्षणी विचार करण्यास वेळ नसतो.

इंजिन किती सीसीचे आहे, यावर किंमत ठरवण्याची प्रथा फसवी आहे. त्या बनावटीची साखळी, बार व डायफ्राम दुर्ग, रायपूर किंवा नागपूर येथे मिळतात का, हे आधी विचारावे.

इंधन, ऑइल आणि धार

चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावेच लागते. अनेक आधुनिक यंत्रांना 50:1, म्हणजे 1 लिटरला 20 मिली. अनेक जुन्या यंत्रांना 25:1, म्हणजे 40 मिली. नेमके प्रमाण पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाजवळ पाहावे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या व डायफ्राम खराब करते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करून, यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे. साखळीसाठी गाडीचे जळके ऑइल वापरण्याची सवय सोडावी. त्यातील धातूचे कण पंप खातात आणि काळे ऑइल झाडाच्या ताज्या जखमेवर उडते.

भुसा भरड पडत असेल तर साखळी धारदार, पिठासारखा पडत असेल तर बोथट. प्रत्येक दाताला सारखेच घाव द्यावेत आणि साखळीच्या मापाचीच गोल कानस वापरावी. एका बाजूचे दात आखूड झाले की काप तिरका जातो. बाभळीच्या बुंध्यावरील मातीचा थर आधी खरवडून काढावा. मातीतून एकदा गेलेली साखळी धार गमावते.

खांद्यावरचा गमछा आणि पायातील चप्पल घेऊन हे यंत्र चालवू नये. पायाला बूट, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण असावे. शिडीवर उभे राहून किंवा खांद्यापेक्षा उंच हात करून कापू नये आणि एकट्याने कामाला जाऊ नये.

छाटणीनंतरची जखम

जुन्या आंब्याच्या पुनरुज्जीवनाचे तंत्र लखनौ येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने विकसित केले आहे. त्यात फांद्या जमिनीपासून सुमारे 3 ते 4 मीटर उंचीवर, हिवाळ्यात कापतात. जाड फांदी प्रथम खालून एक-तृतीयांश कापावी, मग थोडे पुढे सरकून वरून कापावी आणि शेवटी उरलेला खुंट उतरता कापावा. यामुळे साल फाटत नाही, पाणी साचत नाही. कापलेल्या भागाला त्याच दिवशी बोर्डोपेस्ट लावावी. 1 किलो मोरचूद व 1 किलो चुना 10 लिटर पाण्यात, हे प्रचलित प्रमाण.

भिरुडाची मादी सालीच्या भेगांत व जखमांत अंडी घालते. पुनरुज्जीवित झाडांवर तिचा उपद्रव अधिक आढळतो. खोडाखाली भुसा पडलेला दिसल्यास छिद्र शोधून तारेने अळी काढावी. पोखरलेल्या फांद्या बागेत सरपण म्हणून रचून ठेवण्याची चूक सर्रास होते. त्यांतील कोष पावसाळ्याच्या सुरुवातीस भुंगेरे होऊन बाहेर पडतात आणि शेजारच्याच ताज्या जखमांकडे वळतात. म्हणून असे लाकूड जूनपूर्वी जाळून संपवावे. संपूर्ण झाड तोडावयाचे असल्यास महसूल व वन विभागाची परवानगी लागते का, हे चेनसॉ सुरू करण्यापूर्वी तहसील कार्यालयात विचारून घ्यावे.