कार्डावरचा रक्तदाब

गर्भारपणातील वैद्यकीय हलगर्जीपणा म्हटला की चुकलेली शस्त्रक्रिया किंवा पोटात राहून गेलेला बोळा लोकांच्या डोळ्यांसमोर येतो. परंतु त्याचे घातक रूप पुष्कळदा न केलेल्या तपासणीत दडलेले असते, आणि त्यामुळेच ते घरच्यांच्या ध्यानात फार उशिरा येते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि सामान्यतः त्याच्या जोडीने लघवीतून प्रथिने जाणे, या अवस्थेस प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. ती वेळीच आवरली नाही तर आकडी येते आणि माता व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. मॅग्नेशियम सल्फेट या औषधाने आकडीचा धोका सुमारे निम्म्यावर येतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीने दाखवून दिले आहे. मात्र विकार ओळखलाच नाही, तर औषध कपाटातच राहते.

प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबातील गर्भवतीच्या कार्डावर पाचही भेटींपुढे १२०/८० हाच आकडा, एकाच शाईत लिहिलेला होता, आणि त्यांपैकी तीन भेटींत तिच्या दंडाला पट्टा बांधलाच गेला नव्हता. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीने सातव्या महिन्यात दवाखाना बदलला, तेव्हा नव्या डॉक्टरांनीही त्याच आकड्यांवर भिस्त ठेवली. चेहऱ्याची सूज, ठणकणारे डोके आणि डोळ्यांपुढे चमकणारे काजवे यांवर ‘दिवस भरत आले की असं व्हायचंच’ एवढेच उत्तर मिळाले. आकडी आल्यावर घाईने सिझेरियन झाले. बाळ तिसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर ‘हिने मीठ सोडलं नाही’ हा बोल घरातूनच तिच्या माथी आला, वास्तविक मीठ कमी केल्याने हा विकार टळतो असे आढळलेले नाही. दवाखान्याची चूक अशी बाईच्या पदरात टाकली जाते, हा या हलगर्जीपणाचा सर्वांत क्रूर परिणाम होय.

प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. सर्वसाधारण कुशल डॉक्टराने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, हा कायद्याचा निकष आहे. पैसे मोजून घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला, तर १९९८ साली मुलाच्या आईवडिलांनाही ग्राहक मानून त्यांच्या मनस्तापाची भरपाई मान्य केली. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत मिळाली पाहिजेत. दुःखाच्या भरात ती मागायची राहून जातात, म्हणून ते काम घरातील एखाद्या स्थिरचित्त माणसाने अंगावर घ्यावे.

जिला हा विकार एकदा झाला, तिला पुढे उच्च रक्तदाब व हृदयविकाराचा धोका अधिक असतो, तेव्हा तिची तपासणी बाळंतपणानंतरही चालू राहावी. आणि ज्या घरात आज दिवस गेलेले आहेत, तेथील सोबतीच्या माणसाने दर भेटीत मोजलेला आकडा विचारून तारखेसह लिहून घ्यावा, माहेरी जाताना मूळ फाइल बरोबर द्यावी, आणि दंडाला पट्टा बांधला गेला नसेल तर तो बांधून घेतल्याशिवाय उठू नये.