देवांचीही भाऊबंदकी : राहुरीचा राहू आणि उत्तरेकडचे एसिर-वानिर



थॉर आज मुलांना सिनेमामुळे तोंडपाठ आहे. पण आपल्या राहुरीचं नाव ज्याच्यावरून पडलं असं म्हणतात, त्या राहूची गोष्ट किती मुलांना नीट सांगता येते? विचारून बघा. या दोन्ही गोष्टी एकाच तासिकेत शेजारी ठेवल्या, तर एक छान पाठ तयार होतो.

आपल्या परिसरातली गोष्ट

देव आणि असुर हे सावत्र भाऊ. बाप एकच, कश्यप ऋषी. देवांची आई अदिती. असुरांपैकी दैत्यांची आई दिती, दानवांची दनू. दोघांनी मिळून समुद्र घुसळला. वासुकीच्या तोंडाकडची बाजू असुरांनी धरली, शेपटीकडची देवांनी. अमृत निघालं आणि वाटणीवरून भांडण लागलं. विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं आणि देवांनाच अमृत वाढलं. हे घडलं ते प्रवरेकाठी नेवाशाला, असं आपल्याकडे सांगतात. तिथलं मोहिनीराजांचं मंदिर प्रसिद्धच आहे.

एक असुर वेष बदलून देवांच्या पंगतीत बसला. सूर्य-चंद्रांनी चुगली केली आणि सुदर्शन चक्राने त्याचं मुंडकं उडालं. अमृत गळ्यापर्यंत पोचलेलं, म्हणून डोकं अमर झालं. आख्यायिकेनुसार डोकं पडलं ती राहुरी आणि काया पडली ते गोदाकाठचं कायगाव.

उत्तरेकडची गोष्ट

युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वे-आइसलँडकडे, देवांची दोन कुळं होती. एसिर कुळात ओडिन आणि थॉर. वानिर कुळात न्यॉर्ड आणि त्याची मुलं फ्रेयर व फ्रेया; हे पीकपाणी, समृद्धी आणि समुद्राशी जोडलेले देव. या दोन कुळांत जगातलं पहिलं युद्ध झालं. कोणीच पूर्ण जिंकेना, तेव्हा तह झाला आणि एकमेकांकडे ओलीस पाठवायचं ठरलं.

वानिरांनी न्यॉर्ड आणि फ्रेयर दिले. एसिरांनी देखणा होनिर आणि शहाणा मिमिर पाठवला. पण मिमिर शेजारी नसला की होनिरला काही ठरवताच येईना! आपल्याला फसवलं, असं वाटून वानिरांनी मिमिरचं मुंडकं कापून परत पाठवलं. ओडिनने ते औषधी वनस्पतींनी जपलं आणि पुढे त्याचाच सल्ला घेत राहिला. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने या कथा लिहून ठेवल्या.

बघा, इथेही कापलेलं डोकं जिवंतच राहिलं!

मुलांशी काय बोलायचं?

मुलं पटकन म्हणतात, "देव चांगले, असुर वाईट." इथे घाई करू नका. ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही ‘असुर’ म्हटलेलं आहे. इराणच्या जुन्या धर्मात तर ‘अहुर’ हा देव आणि ‘दएव’ हा दुष्ट! म्हणजे नाव कोण ठेवतो, यावरही बरंच अवलंबून असतं. वर्गातसुद्धा एखाद्या पोरावर ‘वाईट’ असा शिक्का बसला की त्याची बाजू कोणी ऐकत नाही, हो ना?

म्हणून हे प्रश्न विचारा :

१. मेहनत दोघांची होती, मग वाटणी कशी व्हायला हवी होती?
२. असुरांच्या हाती अमृत पडलं असतं तर काय झालं असतं?
३. तह झाल्यावरही वानिर का चिडले? त्यांनी दुसरं काय करता आलं असतं?

वर्गाचे दोन गट करा. पंधरा मिनिटांनी बाजू बदलायला लावा. कालपर्यंत ज्याला विरोध केला, त्याच्याच बाजूने बोलताना मुलं खरा विचार करतात.

ग्रहणाचा धागा

राहू सूर्य-चंद्राला गिळतो म्हणून ग्रहण लागतं, असं आपली कथा सांगते. उत्तरेकडच्या कथेत सूर्य-चंद्रामागे दोन लांडगे धावतात. पण आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारासच लिहून ठेवलंय की हा सावल्यांचा खेळ आहे : सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. एक टॉर्च, एक मोठा चेंडू आणि एक लिंबू घेऊन हे वर्गात करून दाखवा. गोष्टही राहते आणि ग्रहणाची भीतीही जाते.

पालकांनो, पुढच्या वेळी नेवाशाला दर्शनाला गेलात तर मुलांना ही गोष्ट तिथेच सांगा. आणि घरात भावंडं वाटणीवरून भांडली, तर निकाल देण्याआधी दोघांचंही ऐकून घ्या.