एक यूपीएस उघडा असताना

30 जुलै 2012 च्या रात्री 2 वाजून 33 मिनिटांनी मध्य प्रदेशातल्या बीनाहून ग्वाल्हेरला जाणारी 400 केव्हीची वाहिनी ट्रिप झाली आणि काही क्षणांत सगळ्या उत्तर भारतातली वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता हीच वाहिनी पुन्हा सुटली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिड कोसळली. 60 कोटींहून अधिक लोक राहत असलेल्या प्रदेशाला त्याची झळ बसली. चौकशी समितीने कारणं मांडली, तेव्हा त्यात एक साधी गोष्ट होती. बीना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावरचं एक सर्किट 765 केव्हीपर्यंत दर्जा वाढवण्याच्या कामासाठी आधीच बंद ठेवलेलं होतं. उरलेल्या सर्किटवर भार चढत गेला.

आठ वर्षांनी, 12 ऑक्टोबर 2020 ला, मुंबईची वीज गेली. सकाळी दहाच्या सुमाराला लोकल जागच्या जागी थांबल्या. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्या दिवशी दिलेला खुलासा असा होता: कळवा-पडघा केंद्रात एका सर्किटची देखभाल चालू होती, सगळा भार दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला.

दोन्ही घटनांत यंत्रणा दुहेरी होती, आणि दोन्ही वेळा तिचा एक भाग कामासाठी बंद होता. सर्व्हर रूम सांभाळणाऱ्यांनी यातून एकच गोष्ट उचलावी, असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं. आपल्याकडे किती वीज आहे, किती थंडावा आहे, किती यंत्रं आहेत, हा हिशेब त्यातलं एक बंद असताना करायचा.

प्रस्तुत लेखक बालाघाटचा. वैनगंगेकाठचं हे शहर आणि वारासिवनी, कटंगी, लांजी या पट्ट्यातल्या संस्थांच्या सर्व्हर रूम सांभाळण्यात त्याची बरीच वर्षं गेली. डेटा सेंटर म्हटलं की डोळ्यांपुढे पनवेलचं योट्टाचं केंद्र येतं, ज्याची क्षमता 7,200 रॅकची सांगितली जाते. बालाघाटात डेटा सेंटर म्हणजे बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या मागच्या बाजूची दोन-तीन रॅकची खोली, बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर आणि एखादा माणूस, जो प्रिंटरही दुरुस्त करतो. पण यूपीएस, बॅटरी, उष्णता आणि घाई यांचे नियम पनवेलला आणि बालाघाटला सारखेच लागू होतात.

अशाच एका सहकारी संस्थेत जूनमधल्या एका दुपारी जे घडलं, ते लेखकाने जवळून पाहिलं. खोलीत प्रत्येकी 20 केव्हीएचे दोन यूपीएस होते. 0.9 पॉवर फॅक्टर धरला, तर प्रत्येकाची खरी ताकद 18 किलोवॉट. प्रत्येक सर्व्हरला दोन वायरी होत्या, एक या यूपीएसवर आणि दुसरी त्या यूपीएसवर. खोलीचा एकूण भार 22 किलोवॉटच्या आसपास. त्यामुळे दोन्ही यूपीएसच्या पडद्यांवर भार साठ टक्के दिसायचा, दिवा हिरवा असायचा आणि कुणालाच शंका यायची नाही.

त्या दुपारी बॅटऱ्या बदलायला एक यूपीएस बंद करून उघडला गेला. 22 किलोवॉटचा सगळा भार दुसऱ्यावर, म्हणजे त्याच्या ताकदीच्या 122 टक्के. यूपीएस असा जादा भार काही मिनिटं सोसतो आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी बायपासवर जातो, म्हणजे बाहेरची वीज थेट सर्व्हरला जोडून देतो. तेच झालं. सर्व्हर चालू, पंखे चालू, काउंटरवर कामं चालू. फक्त एक पिवळा दिवा लागला आणि बीप वाजू लागला. आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी बटण दाबून तो बंद केला. थोड्या वेळाने आभाळ भरून आलं, वारा सुटला, वीज कडाडली आणि लाइट गेली. बायपासवर असलेल्या यूपीएसला मध्ये पडायला वाव नव्हता. सगळी खोली एका क्षणात काळी झाली.

जनरेटर काही सेकंदांत सुरू झाला, पण तोवर सर्व्हर पडलेले होते. एका स्टोरेजच्या काही डिस्क उठल्याच नाहीत. डेटाबेस दुरुस्त करून जुळवेपर्यंत संस्थेचा व्यवहार बरेच दिवस वहीवर चालला. पेन्शनच्या पैशांसाठी लांबून आलेली म्हातारी माणसं बाकांवर ताटकळत बसली. खोलीतल्या बिघाडाची खरी किंमत त्या बाकांवर मोजली जाते. म्हणूनच पुढच्या गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट भाराची. दोन यूपीएस एकमेकांना आधार म्हणून बसवले असतील, तर एकूण भार एकट्या यूपीएसच्या ताकदीच्या आत बसला पाहिजे, आणि काठोकाठ नव्हे, तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. 18 किलोवॉटच्या यूपीएसला म्हणजे साधारण साडेचौदा किलोवॉट. पडद्यावर प्रत्येक यूपीएस चाळीस टक्क्यांच्या वर दिसू लागला, की नव्या सर्व्हरची फाइल तिथेच थांबवावी. आकडा तिन्ही फेजचा वेगवेगळा पाहावा. एकूण भार कमी असूनही सगळी यंत्रं एकाच फेजवर लादलेली असली, तर तोच फेज आधी जातो.

वायरींचाही हिशेब ठेवावा. ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेत अटलांटा इथे डेल्टा एअरलाइन्सच्या केंद्रात स्विचगिअर बिघडला. सुमारे 7,000 यंत्रांपैकी 300 च्या आसपास यंत्रं पर्यायी विजेला नीट जोडलेलीच नव्हती, असं नंतर समोर आलं. तेवढ्यावर जगभरातली उड्डाणं रखडली. लहान खोलीतही हेच होतं. एका वायरीचा जुना स्विच, फायरवॉल, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर अशी यंत्रं कधीतरी, जिथे जागा मिळेल तिथे खुपसली जातात.

क्षमता तीन प्रकारची असते: जागा, वीज आणि थंडावा. जी आधी संपते, ती खरी क्षमता. रॅक अर्धा रिकामा दिसतो म्हणून संचालक मंडळ विचारतं, अजून दोन सर्व्हर का बसत नाहीत? हा प्रश्न आता मोठ्या शहरांतही कठीण झाला आहे. पूर्वी एक रॅक पाच-दहा किलोवॉट खायचा. एनव्हिडियाचा जीबी200 एनव्हीएल72 हा एआयचा रॅक 120 किलोवॉटच्या घरात जातो आणि त्याला पाण्यावर आधारलेली शीतन व्यवस्था लागते. बालाघाटात तो येणार नाही, पण चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ग्राफिक कार्डवाला एखादा सर्व्हर नक्की येईल आणि तो जुन्या सर्व्हरपेक्षा कितीतरी जास्त वीज मागेल.

थंडाव्याचं गणित सोपं आहे. सर्व्हरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते. साडेतीन किलोवॉटला एक टन धरला, तर 20 किलोवॉटसाठी पावणेसहा टनांचा एसी लागतो. घरगुती स्प्लिट एसीवरचा टनाचा आकडा बाहेर 35 अंश असताना मोजलेला असतो. बालाघाटच्या मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा त्याच एसीची ताकद उतरते. शिवाय हे एसी बहुधा यूपीएसवर नसतात. लाइट गेली, जनरेटर आला, तरी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं घेतो. आणि जनरेटर आलाच नाही, तर बॅटरीवर चालणारे सर्व्हर बंद खोली तापवत राहतात. सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंश तापमान असावं, अशी अॅश्रे या संस्थेची शिफारस आहे. थर्मामीटर भिंतीवर न लावता तिथे, रॅकच्या पुढच्या बाजूला लावावा.

जुलै 2022 मध्ये लंडनमध्ये चाळीस अंशांची लाट आली. त्या लाटेत गाइज अँड सेंट थॉमस या रुग्णालय संस्थेची दोन्ही डेटा सेंटर उष्णतेने बंद पडली. ती एकमेकांना आधार म्हणून होती, पण शहर एकच, ऊन एकच. डॉक्टरांना कागदावर परतावं लागलं आणि सगळं पूर्ववत व्हायला आठवडे लागले. दोन यंत्रं एकाच कारणाने पडणार असतील, तर ती हिशेबात एकच धरावीत.

हाच निकष इंटरनेटच्या दोन जोडण्यांना लावावा. कंपन्या दोन असल्या, तरी केबल एकाच चरातून आली असेल, तर रस्त्याच्या कामावरचा एक जेसीबी दोन्ही तोडतो. दोघांकडूनही केबलचा मार्ग कागदावर काढून घ्यावा आणि एकदा स्वतः त्या रस्त्याने चालत जाऊन पाहावं. विजेचे दोन फीडर असतील, तर ते एकाच उपकेंद्रातून येतात का, हे वितरण कंपनीच्या अभियंत्याला विचारावं.

बॅटरी हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांवर धरलेलं असतं. त्याहून दहा अंश वाढले, की ते ढोबळमानाने निम्मं होतं. पाच वर्षांची बॅटरी पत्र्याच्या खोलीत अडीच वर्षांत संपते. एका माळेतली एक बॅटरी गेली, की सगळी माळ कुचकामी होते, म्हणून प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं लिहून ठेवावं. आता अनेक जण लिथियमकडे वळत आहेत. तिचे फायदे खरे आहेत, पण दक्षिण कोरियातला अनुभवही ध्यानात ठेवावा. 26 सप्टेंबर 2025 ला देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. 709 सरकारी यंत्रणा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवलेली 858 टेराबाइटची साठवण जळून गेली आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. बॅटरीची खोली सर्व्हरच्या खोलीपासून भिंतीने वेगळी हवी, आणि डेटाची एक प्रत इमारतीबाहेरच नव्हे, तर शहराबाहेर हवी. बालाघाटकरांना त्यासाठी गोंदिया, नागपूर, जबलपूर आहे. ती प्रत महिन्यातून एकदा प्रत्यक्ष उघडून पाहावी.

जनरेटर महिन्यातून एकदा खऱ्या भारावर चालवावा. रिकामा किंवा तीस टक्क्यांहून कमी भारावर चालवत राहिल्याने इंजिनात काजळी धरते. डिझेलचा हिशेब ढोबळ ठेवला तरी चालतो: एका युनिटला पाव ते तीन दशांश लिटर. 20 किलोवॉटचा भार आठ तास ओढायचा, तर 40 ते 48 लिटर. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी साचतं; ते आधी काढावं. आणि जनरेटरची स्टार्टिंगची बॅटरी दरवर्षी तपासावी, कारण जनरेटर न उठण्याचं कारण बहुतेक वेळा तीच असते.

या भागात आभाळातल्या विजेलाही वेगळं मोजावं लागतं. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मध्य प्रदेश वारंवार पहिल्या क्रमांकावर असतो. मुख्य पॅनलवर सर्ज अरेस्टर बसवावा आणि पावसाळ्यापूर्वी अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला, की अर्थिंग नावापुरतं उरतं; त्यात पाणी घालण्याचं काम कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं असावं.

शेवटी देखभाल. मे 2017 मध्ये लंडनजवळच्या डेटा सेंटरमध्ये वीज तोडली गेली आणि मग ती विनानियंत्रण परत जोडली गेल्याने ब्रिटिश एअरवेजचे सुमारे 75,000 प्रवासी अडकले. काम करणारा माणूस जाणकार असला, तरी पायऱ्या कागदावर हव्यात: आधी काय बंद, मग काय चालू, आणि गडबड झाली तर परत कसं यायचं. बालाघाटच्या हवामानात यूपीएस उघडायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी लवकर करावं. ते सुरू करण्याआधी एकूण भार मोजावा. तो एका यूपीएसला झेपणार नसेल, तर आधी कमी गरजेची यंत्रं रीतसर बंद करावीत. जनरेटर आधीच चालू करून ठेवावा. बीप बंद करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि तिने कारण वहीत लिहूनच तो वापरावा.

हे सगळं तपासायला एक रविवार पुरतो. पावसाळ्यापूर्वीचा एखादा रविवार निवडावा. आदल्या दिवशी सगळ्या डेटाची प्रत काढून घ्यावी. यूपीएसचा आणि जनरेटरचा तंत्रज्ञ हजर ठेवावा. मग जाणूनबुजून एक यूपीएस बंद करावा आणि दुसऱ्याच्या पडद्यावरचा आकडा लिहावा. तो शंभराच्या आत टिकला, तरच पुढे जाऊन मुख्य स्विच पाडावा. जनरेटर किती सेकंदांत आला, एसी किती मिनिटांनी सुरू झाला, रॅकपुढचं तापमान कुठवर चढलं, कोणतं यंत्र मध्येच विझलं, याची नोंद वेळेसह करावी. हा एक पानाचा कागद पुढच्या बैठकीत संचालक मंडळापुढे ठेवावा. जादा यूपीएसचा खर्च मागायला त्याहून चांगला आधार मिळत नाही. चाचणीत चुकीच्या सॉकेटमध्ये खोचलेली एखादी वायर सापडली, तर ती त्याच दुपारी, सगळे जाणकार समोर असताना बदलून घेता येते.