मँडोलिनची साथ आणि आपल्या गाण्यांचे जतन

आपल्या परिसराला गाणे नवे नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर; विठाबाई नारायणगावकरांची कीर्ती येथूनच महाराष्ट्रभर गेली. लोणीसारख्या गावांतील वस्त्यांवर भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आजही ढोलकी-पेटीवर गाणी उभी राहतात. आंबेडकरी जलशांनी आणि पुढे गायन पार्ट्यांनी जी विचारसंपदा घरोघरी नेली, ती प्रामुख्याने गळ्यातून गळ्यात गेली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवींची गाणी कित्येकांना पुस्तक हाती येण्याआधीच पाठ झाली होती.

या परंपरेतील एक उणीव मात्र लक्षात घ्यावयास हवी. जुन्या गीतपुस्तिकांत शब्द छापले जात. चाल छापली जात नसे. फार तर मथळ्याखाली ‘चाल’ म्हणून एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे नाव असे. जेथे चाल कवीची किंवा गायकाची स्वतःची होती, तेथे कागदावर तिची काहीच खूण उरली नाही. गाणारा गळा थांबला की चालही थांबते. म्हणून हौशी वादकाने आपल्या वाद्याचा उपयोग या कामी कसा करावा, याचा विचार आम्ही येथे मँडोलिनच्या निमित्ताने मांडत आहोत.

वाद्याची ओळख

मँडोलिनला आठ तारा असतात. पण त्या चार जोड्यांत, आणि प्रत्येक जोडीतील दोन्ही तारा एकाच सुरात. अठराव्या शतकात इटलीतील नेपल्स येथे या वाद्याला आजच्या घडणीचा पाया मिळाला. आपल्याकडे चित्रपटसंगीताने ते घरोघरी पोहोचवले. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) हे स्वतः थोर मँडोलिनवादक होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) यांची सुरुवातही मँडोलिनवादक म्हणूनच झाली. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून त्याला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले.

गायन पार्टीत ज्याला आपण ‘बेंजो’ म्हणतो ते बुलबुलतरंग हे वेगळे वाद्य. त्याचा पूर्वज १९१२ च्या सुमारास जपानमध्ये तयार झाला. बेंजोवर बसलेला कान मँडोलिनवर उपयोगी पडतो. फरक इतकाच की तेथे बोट कळ दाबते, येथे ते थेट तारेवर पडते. त्यामुळे बोट पडद्यावर नव्हे, तर पडद्याच्या किंचित अलीकडे टेकवावे. अन्यथा तार झणझणते.

सूर लावणे

जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना मँडोलिनचे चार सूर पेटीच्या भाषेत असे येतात : पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम असते. म्हणजे एक तार षड्ज मानली की पुढची मोकळी तार आपोआप पंचम देते.

परंतु आपले गायक बहुधा काळी एक, काळी दोन किंवा काळी चार अशा पट्टीत गातात. तेव्हा मोकळ्या तारा निरुपयोगी ठरतात आणि नवशिका वादक गायकालाच पट्टी बदलावयास सांगतो. हे योग्य नव्हे. त्याऐवजी चारही जोड्या अर्ध्या सुराने उतरवाव्यात. मग त्या अनुक्रमे काळी तीन, काळी एक, काळी चार आणि काळी दोन होतात, आणि गायकाची नेहमीची पट्टी मोकळ्या तारेवर येते. वाद्याने गळ्याकडे जावे, गळ्याने वाद्याकडे नव्हे, हा साथीचा पहिला नियम.

जोडीतील दोन तारा जुळवताना आधी एकच तार पेटीशी मिळवावी आणि मग दुसरी तिच्याशी. दोन्हींत किंचित अंतर असेल तर आवाजात लाटा ऐकू येतात. तारा जुळत आल्या की लाटा मंदावतात आणि पूर्ण जुळल्या की थांबतात. अंगुत्तर निकायात सोण भिक्खूला दिलेला वीणेचा दृष्टान्त आपल्या वाचकांना परिचित आहेच : तार अति ताणलेली नको, अति सैलही नको. तो उपदेश साधकाच्या परिश्रमासंबंधी आहे आणि रियाजालाही तो तंतोतंत लागू पडतो. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे वाजवणे अधिक फळ देते.

साथीची मांडणी

मँडोलिनचा आघात तीक्ष्ण असतो आणि नाद लवकर विरतो. सूर टिकवण्यासाठी पिक वर-खाली भरभर फिरवून झंकार अखंड ठेवावा लागतो. हा झंकार गोड असल्याने तो सतत वाजवण्याचा मोह होतो. मात्र गायकाच्या शब्दांवर तो वाजला की शब्द झाकले जातात. आमच्या गाण्यांत शब्द हेच सर्वस्व आहे. म्हणून मांडणी पुढीलप्रमाणे करावी.

गायक कडवे गात असताना मँडोलिन गप्प असावे किंवा समेवर षड्ज-पंचमाचा एखादा हलका आघात द्यावा. ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत केरव्याच्या आठ मात्रांपैकी ज्या तीन-चार मात्रा मोकळ्या राहतात, तेवढ्यातच लहान तुकडा वाजवावा. कोरस ध्रुपद उचलतो तेव्हा चाल पूर्ण वाजवावी. दोन कडव्यांमधला पीस आठ किंवा सोळा मात्रांचा पुरे. तो ध्रुपदाच्या शेवटच्या ओळीतून काढावा, म्हणजे गायकाला पुढची उचल सापडते.

शेवटच्या कडव्याविषयी विशेष सावध राहावे. आपले शाहीर व कवी बहुधा त्याच कडव्यात आपले नाव गुंफतात. गाणे लांबते म्हणून ते कडवे गाळले की कवीचे नाव पुसले जाते आणि काही वर्षांनी त्याचे गाणे निनावी होते. पीस कमी करावेत, पण नाममुद्रेचे कडवे गाळू नये. तेथे फक्त ढोलकीचा हलका ठेका ठेवावा.

जात्यावरच्या भीमओव्यांना मात्र साथ न करणेच उचित. त्यांतील सूर दोन पडद्यांच्या मधून सरकत जातात. पक्क्या पडद्यांचे वाद्य शेजारी वाजू लागले की गाणारी माउली नकळत आपला सूर वाद्यासारखा सरळ करते, आणि जे जपावयाचे तेच हरवते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्या कामाचे मोल त्या स्त्रियांचे स्वतःचे शब्द आणि स्वतःचा स्वर जपण्यात आहे.

ध्वनिमुद्रण

साधा मोबाइल या कामास पुरेसा आहे. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतीशी दोरी बांधून दोन-तीन गोधड्या टांगाव्यात. पंखा बंद ठेवावा आणि शेतीपंपाची मोटर बंद असेल ती वेळ निवडावी. मोबाइल विमान-स्थितीत टाकून गायकाच्या तोंडापासून सुमारे हातभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. मँडोलिन आणि ढोलकी त्याहून दूर बसवावी. आधी अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन ती इअरफोनवर ऐकावी : प्रत्येक शब्द कळत नसेल तर वाद्ये आणखी मागे सरकवावीत. आवाजाची पट्टी लाल रेषेला लागू देऊ नये, कारण फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही.

मूळ प्रत ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी. एका माइकचे सहा मिनिटांचे गाणे सुमारे ३० एमबी जागा घेते. पाठवण्यासाठी लहान एमपीथ्री प्रत वेगळी करावी. मूळ प्रत पुसू नये.

पहिले मुद्रण नेहमी केवळ गळ्याचे घ्यावे आणि साथीचे त्यानंतर. प्रारंभी गायकाच्याच आवाजात नाव, गाव, तारीख, कवीचे नाव आणि गाणे कोणाकडून शिकले ते वदवून घ्यावे. हे मुद्रण इतरांना ऐकवण्यास त्यांची संमती आहे काय, हेही त्याच वेळी विचारावे. फाइलची नोंद वहीतही करावी आणि दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज पुण्या-मुंबईत नोकरीस आहेत. सुट्टीत गावी आल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील आजी-आजोबांचे एक तरी गाणे असे नोंदवावे. मँडोलिन येत असेल तर उत्तम. येत नसेल तरी हातात मोबाइल आहे. आजीला गाणे आठवते आहे तोवरच हे काम होऊ शकते.